आखूड केसांचा बॅरिस्टर

आखूड केसांच्या कुत्र्याचं काही करावं लागत नाही, असं मला माझ्या व्याह्यांनी सांगितलं होतं. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यांत आधी लिहून ठेवतो. पुढं जे झालं त्यात माझा दोष किती आणि या वाक्याचा किती, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

व्याही म्हणजे अंतुरकर साहेब. कोर्टातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, सिडकोत राहणारे, हळू बोलणारे. मी पाचोडकडचा. धान्याच्या मोंढ्यात पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज जालना रोडला माझं स्वतःचं शेती अवजारांचं दुकान आहे. कडबाकुट्टी, फवारणीचे पंप, धार काढायची यंत्रं, जे म्हणाल ते. भाव करण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. अंतुरकर सोडून. कारण अंतुरकर भाव करतच नाहीत, आणि जो भावच करत नाही त्याला हरवायचं कसं?

आमच्या पल्लवीचं लग्न त्यांच्या मुलाशी ठरलं (म्हणजे त्या दोघांनी ठरवलं आणि आम्हाला कळवलं), तेव्हा जेवणाची पानं किती धरायची ते विचारायला मी पूर्ण तयारीनं गेलो होतो. ते दोनशे म्हणतील, मी शंभर म्हणेन, दीडशेवर तुटेल. हा माणूस चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "आमची माणसं थोडीच आहेत. बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

लग्नाच्या दिवशी त्यांची थोडी माणसं तीन बसमधून उतरली. बासुंदी त्यांच्याच पंगतीत संपली. माझा सख्खा मामा, ज्यानं मला शहरात यायला बसचं भाडं दिलं होतं, तो पाचोडहून नवं धोतर नेसून आला आणि वरण-भात जेवून गेला. अजूनही भेटला की विचारतो, "बासुंदी झ्याक झाली व्हती म्हनं?" आणि मी खाली बघतो. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

तर या अंतुरकरांचा कुत्रा. डाल्मेशियन जातीचा. पांढरंशुभ्र अंग, त्यावर काळे ठिपके, चालणं असं की पुढं पट्टेवाला चालला असावा. नाव बॅरिस्टर. एप्रिलमधल्या एका सोमवारी अंतुरकर नवरा-बायको त्याला आमच्या गारखेड्यातल्या घरी घेऊन आले. ते आठवडाभर गाणगापूरला निघाले होते.

"रविवारी सकाळी आम्ही परत येतोच," अंतुरकर म्हणाले. "आणि भाऊसाहेब, एक विनंती आहे."

मी सावध झालो. सहा वर्षांत या माणसानं माझ्याकडं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं.

"वाळूजचे एक शेळके म्हणून आहेत. कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात आहेत. त्यांच्याकडे जुई आहे, याच्याच जातीची. ते रविवारी अकरा वाजता याला बघायला येणार आहेत. त्यांना दुसरी सुट्टी नाही आणि आमचं घर बंद. तेव्हा कार्यक्रम तुमच्याकडे केला तर चालेल का? आम्ही स्टेशनवरून थेट येऊ."

"बघण्याचा कार्यक्रम?" आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमननं विचारलं. "म्हणजे पोहे करायचे का?"

विहीणबाई हसल्या, पण लगेच त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर गेला. "साडेसहा वर्षांचा झाला हो आता. याच्यानंतर घरात याचं एखादं पिल्लू असावं, एवढंच वाटतं. दोन ठिकाणी जमलं नाही. आता हे शेवटचं."

"शेळके कोट बघणार," अंतुरकर म्हणाले. "कोट म्हणजे अंगावरचे केस. तेवढे जपा. बाकी आखूड केसांचा आहे. काही करावं लागत नाही."

सोबत एक पिशवी होती. तिच्यात पट्टा, खाणं आणि एक रबरी मोजा होता. त्याच्या तळव्याला बोंडं होती. मी विचार केला, काही करावं लागत नाही तर मोजा कशाला? तो मी सुमनला दिला. तिनं त्या मोज्यानं न्हाणीघर घासलं. लई छान निघालं, असं तिनं मंगळवारी सांगितलं.

बुधवारपर्यंत मला कळून चुकलं होतं की 'थोडीच माणसं' आणि 'आखूड केस' या दोन्ही गोष्टी अंतुरकर एकाच मापानं मोजतात.

लांब केस निदान पडतो, दिसतो, उचलता येतो. हे केस नखाएवढे, आणि सुईसारखे ताठ. सोफ्यात शिरलेला केस ब्रशनं निघत नव्हता, चिमट्यानं निघत नव्हता, बसल्यावर मात्र स्वतःहून बाहेर यायचा. बॅरिस्टरचे पांढरे केस माझ्या काळ्या पँटीवर बसायचे आणि काळे केस पांढऱ्या शर्टावर. या कामात त्याची एकदाही चूक झाली नाही. दुकानात एक गिऱ्हाईक कडबाकुट्टीचा भाव करता करता थांबलं आणि म्हणालं, "शेठ, तुमच्या अंगाला काय झालंय?" अर्ध्यावर आलेला सौदा मोडला. माझा सौदा, माझ्याच दुकानात.

गुरुवारी सुमननं गल्लीतल्या चार बायका पापडाला बोलावल्या. दुपारी तिनं मला दुकानातून बोलावून घेतलं आणि उडदाची लाटी माझ्या नाकासमोर धरली.

"हे बघा काय निघालं."

"काय?"

"केस. पांढरा. माझा नाय. आन तुमचा तर नायच नाय." (मला बारा वर्षांपूर्वीच टक्कल पडलं आहे. ते चार बायकांसमोर काढायची गरज नव्हती.)

"एखादा असतोच."

"एखादा? मोजून दाखवू? आता घरात हे केस ऱ्हातील न्हाईतर माझे पापड. काय ते बघा."

म्हणून शुक्रवारी मी कुत्र्यांचं फिरतं सलून बोलावलं. एक छोटी गाडी आली, तिच्यातून रफीक नावाचा माणूस उतरला. त्यानं बॅरिस्टरच्या पाठीवरून उलटा हात फिरवला, केसांचा फवारा उडाला, आणि त्यानं त्याचा दर सांगितला.

"अरे, हा दर झिपऱ्या कुत्र्याचा झाला," मी म्हणालो. "याला केस आहेत का? बघ की. नखाएवढे. नखाएवढ्याचे पैसे सांग."

"सेठ, छोटे बाल हैं ना, इसीच के लिए जास्ती मेहनत है. लंबा बाल गिरता तो दिखता. ये सुई के माफक घुसता. रबर का ब्रश मारना पडता, पूरा घंटा."

"अर्ध्यात कर."

"आधे में आधाच कुत्ता करूंगा."

"कुठला अर्धा?" मी सवयीनं विचारलं.

"आप बोलो. आगे का करूं के पीछे का?"

सुमन दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. त्यानं माझं डोकं गेलं. मी त्याला गाडी वळवायला सांगितली. गाडी वळवता वळवता तो खिडकीतून म्हणाला, "सेठ, गुस्सा नक्को करो. एक बात सुनो. घर में कुछ करना नक्को. मशीन तो बिल्कुल नक्को लगाना. छोटे बाल कटे तो सीधी चमडी दिखती."

आता मला सांगा, मी तीस वर्षं धंदा करतोय. मीसुद्धा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की यंत्र घरी खोलू नका. घरी खोललं तर माझ्याकडं कोण येणार? त्यामुळं रफीकनं मशीन लावू नका म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात मशीन आलं.

आमच्या दुकानात म्हशी भादरायचं मशीन आहे. पाचोडला पोरवयात मी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या म्हशी भादरायचो. तेव्हा मशीन नव्हतं, कातर होती. भादरलेली, तेल लावलेली म्हैस बाजारात उभी राहिली की गिऱ्हाईक आधी तिच्याकडं वळायचं. जनावर बघायला कुणी येणार असेल तर ते आदल्या दिवशी भादरायचं, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. शिवाय हिशेब सरळ होता. केस गळतात कारण ते असतात. नसले तर गळणार कुठून?

शनिवारी सकाळी पल्लवीचा पुण्याहून फोन आला. "पप्पा, उद्याचा कार्यक्रम सासूबाईंनी फार मनावर घेतलाय. तुम्ही काही करू नका. प्लीज. फक्त त्याला बसू द्या."

"मी कुठं काय करतोय?" मी म्हणालो. मशीन तेव्हा माझ्या मांडीवर होतं.

सुमन चक्कीवर गेली होती. मी बॅरिस्टरला अंगणातल्या पेरूच्या झाडाला बांधलं आणि मशीन चालू केलं. म्हशीसाठी केलेलं ते मशीन, त्याचा आवाज म्हशीला कळेल इतपत. बॅरिस्टर हलला नाही. त्यानं फक्त मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत पूर्ण विश्वास होता. हे मी आजही विसरू शकत नाही. मी मशीन मानेवर टेकवलं आणि शेपटीपर्यंत एका दमात, एका रेषेत ओढलं. हात विसरला नव्हता. चाळीस वर्षांनीसुद्धा हात जराही विसरला नव्हता.

मग मी मशीन बंद करून बघितलं.

म्हशीचे केस काढले की खाली म्हैस असते. बॅरिस्टरचे केस काढले तर खाली गुलाबी कातडं होतं, बाळाच्या टाळूसारखं. मानेपासून शेपटीपर्यंत चार बोटं रुंदीचा गुलाबी रस्ता. दोन्ही बाजूंना पांढरी लव, मध्ये नवा कोरा चौपदरी जालना रोड.

"अहो."

सुमन फाटकात उभी होती. डोक्यावर दळणाचा डबा. ती हळू बोलली. सुमन ओरडली की मला कळतं, फार काही झालेलं नाही. ती हळू बोलली की सगळंच झालेलं असतं.

"हे काय केलं?"

"सुरुवात केली."

"आता?"

"आता सगळं सारखं करून घेऊ. एकसारखं झालं की वाटेल मुळातच असा आहे."

"हात लावायचा नाय त्याला," ती म्हणाली.

मी लावला. पण बॅरिस्टरचा विश्वास तोपर्यंत उडालेला होता. मशीन सुरू झाल्याबरोबर तो मटकन खाली बसला, आणि जालना रोडला डाव्या हाताला एक फाटा फुटला, थेट बरगडीपर्यंत. मशीन बंद केलं तेव्हा भादरलेल्या पहिल्या पट्ट्यावर लाल पुरळ उठायला लागलं होतं. बारीक, घामोळ्यासारखं. बॅरिस्टर मान मागं वळवून तिथं चाटायचा प्रयत्न करत होता आणि त्याची जीभ पोचत नव्हती.

तोवर मी रागात होतो. आता मात्र मी घाबरलो. शेळक्यांच्या कोटाचं राहू द्या, दुसऱ्याचं जीव लावलेलं जनावर माझ्या अंगणात तांबडं पडत होतं. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवला.

"वरवरचं आहे," डॉक्टर म्हणाले. "मशीन गरम झालं असेल. दोन दिवसांत जाईल. काही लावू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. काही करू नका."

व्याही म्हणाले काही करावं लागत नाही. रफीक म्हणाला कुछ करना नक्को. पोरगी म्हणाली काही करू नका. आता डॉक्टर. चार माणसं एकच गोष्ट सांगत होती. पण काही न करता मी पाचोडपासून जालना रोडपर्यंत आलेलो नाही.

म्हशीला भादरल्यावर कातडं लाल झालं तर खोबरेल तेलात हळद कालवून लावतात. मी वाटीभर कालवली आणि फक्त पट्ट्यावर, अगदी जपून, बोटानं लावली. पुरळ थंडावलेलं दिसलं. मी सुमनकडं बघितलं. तेवढ्यात बॅरिस्टर उठला, त्यानं नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, मग उताणा पडून अंगणभर लोळला, आणि जेव्हा उभा राहिला तेव्हा तो पिवळा होता.

थोडाबहुत नाही. बेसनाच्या लाडवासारखा पिवळा, त्यावर काळे ठिपके. कंपाउंडच्या पलीकडून शेजारचे निवृत्त मास्तर डोकावले. "भाऊसाहेब, बिबट्या पाळला का काय?"

"मास्तर, आत जा," मी म्हणालो.

मी कपड्याचा साबण घेतला आणि घासायला लागलो. सुमन स्वयंपाकघरातून धावत येताना मला दिसली, तिचा हात वर होता, ती काही तरी सांगत होती. हळदीवर साबण लावला की हळद लाल होते, हे घरात हळदीचे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मी कपडे कधी धुतलेले नाहीत. फेसाबरोबर बॅरिस्टरच्या अंगावर कुंकवाचा रंग चढत गेला. मानेवर, छातीवर, एका कानावर.

आता मात्र सुमन ओरडली, आणि मला जरा धीर आला.

"थांबा. थांबा म्हणते ना. व्हा बाजूला." तिनं ताकाचं अख्खं पातेलं आणलं आणि कुत्र्याच्या अंगावर ओतलं. लाल रंग उतरला आणि पुन्हा पिवळा आला. आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून त्याच्याकडं बघत राहिलो. पिवळा, ठिपक्यांचा, पाठीवर रस्ता, आणि अंगाला हळदीचा अन् ताकाचा वास. बॅरिस्टर स्वतःलाच चाटायला लागला. त्याला स्वतःची चव आवडलेली दिसली.

"कढी झालीय त्याची," सुमन म्हणाली. ती हसली नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्याला तीनदा पाण्यानं धुतलं. तोंड, कान आणि पाय कसेबसे पांढरे निघाले, बाकी पिवळेपणा तसूभर हलला नाही. शेवटी मी मनात ठरवलं की बॅरिस्टर अंगावर काही तरी पांघरून बसेल, शेळके तोंड आणि पाय बघतील, आणि बाकी मी बोलून निभावेन. पांघरायला कपाटात एकच चांगली गोष्ट सापडली. अंतुरकरांनी लग्नात मला आहेर केलेली शाल. (हलकी होती. मी तेव्हाच भाव काढून आलो होतो.) सुमननं ती त्याच्या पोटाखालून घेऊन दोन सेफ्टी पिनांनी लावून टाकली.

रविवारी शेळके नवरा-बायको अकराला पाच मिनिटं असतानाच आले. शेळक्यांच्या खिशाला एक भिंग आणि एक छोटी बॅटरी. पाठोपाठ रिक्षातून अंतुरकर उतरले. विहीणबाईंच्या हातात गाणगापूरचा प्रसाद होता. बॅरिस्टरची शेपटी शालीखालून जोरजोरात हलायला लागली. मी त्याचा पट्टा घट्ट धरला.

अंतुरकरांनी त्याच्याकडं बघितलं. एप्रिल महिना, वर पंखा पाचवर.

"याला थंडी वाजते का?"

"आमच्याकडं पाहुण्याला शाल घालतात," मी म्हणालो.

ते जवळ आले. "ही आमचीच ना? आहेरातली?"

"व्हय. खास प्रसंगालाच काढतो."

अंतुरकरांचा चेहरा एकदम मऊ झाला. मला आवडलं नाही. ते दोन शब्द टाकून बोलले असते तर सोपं गेलं असतं.

शेळकेबाईंनी श्वास घेतला. "कढीचा वास छान सुटलाय हो."

"व्हय, केलीय," सुमन म्हणाली आणि आत गेली. (ती आत जाऊन खरोखर कढी करायला लागली. तिच्या डोक्याला तोड नाही.)

"बरं," शेळके चष्मा पुसत म्हणाले, "कोट बघू या."

"आधी पोहे."

पोहे झाले.

"कोट?"

"चहा येतोय. आन हे दात बघा आधी. दात बघितले का? या वयात असे दात माझेसुद्धा नाहीत."

शेळक्यांनी दात बघितले, बॅटरी मारून बघितले. कान बघितले. पायाची बोटं मोजली. मी मध्ये मध्ये बोलत होतो, वाळूजची हवा, कारखान्यातल्या पाळ्या, पाऊसपाणी. माझ्या टकलावरून घाम कानामागं उतरत होता. अंतुरकर माझ्याकडं बघत होते. कोर्टात तीस वर्षं माणसं खोटं बोलताना बघितलेला तो माणूस.

"भाऊसाहेब," ते हळूच म्हणाले, "शाल काढा."

मी हललो नाही. पण विहीणबाई पुढं झाल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ये रे बाळा." बॅरिस्टरनं पट्ट्याला हिसका दिला, त्यांच्यापाशी गेला आणि आनंदानं नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. एक पिन सोफ्याखाली गेली, दुसरी पोह्यांच्या बशीत पडली, आणि शाल जमिनीवर.



माणसाची बाजू लंगडी पडली की तो दुसऱ्यावर ओरडतो. मी ओरडलो. "आधी मला सांगा, आखूड केसांचा आहे, काही करावं लागत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो होतो," अंतुरकर म्हणाले. "आणि तुम्ही काय केलंत?"

विहीणबाईंनी त्याच्या पाठीवरच्या पट्ट्यावरून अलगद बोट फिरवलं. पुरळ बरंच बसलं होतं, पण त्यांचे डोळे भरून आले. "दुखलं का रे?" त्या कुत्र्याला विचारत होत्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला बासुंदी आठवली नाही, मामा आठवला नाही. आपण मोठ्या आवाजाची माणसं किती लहान असतो, एवढंच वाटलं. "चुकलं माझं," मी म्हणालो. हे शब्द मी आजवर दुकानात किंवा घरात कधी वापरलेले नव्हते. सुमन पळी हातात घेऊन दारात आली, ते ऐकायलाच आली असावी.

तोवर शेळके गुडघ्यावर बसले होते. भिंग काढून ते त्या गुलाबी पट्ट्यावर वाकले.

"हे ठिपके कातडीवरसुद्धा आहेत," ते म्हणाले.

माझ्या आतला दुकानदार उठून बसला. माणूस मेला तरी तो बहुतेक उठेल.

"मग, शेळके साहेब?" मी म्हणालो. "वरचा रंग कुणीही दाखवील. बाजारात म्हातारा बैल काळा करून विकतात, शिंगं रंगवून विकतात. खालचा माल कोण दाखवतो? तुम्ही तपासणी खात्यातले. वरचं झाकण न काढता तुम्ही माल पास करता का?"

"नाही. नमुना कापूनच बघावा लागतो," शेळके गंभीरपणे म्हणाले.

"मग हा घ्या कापलेला नमुना. ठिपका मुळापर्यंत पक्का. केसांचं काय, दोन-तीन महिन्यांत येतील."

शेळकेबाई इतका वेळ पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. आता त्यांना राहवलं नाही. "आन नवरदेव तर हळद लावूनच आलाय की हो. आता नाय कसं म्हणायचं? मुहूर्त काढा."

विहीणबाई रडता रडता हसायला लागल्या. मग सुमन. अंतुरकरांनी शाल उचलली, झटकली (केसांचा एक ढग उठला) आणि घडी घालून माझ्या खांद्यावर ठेवली. मला तेच लागलं.

शेळके म्हणाले, रीतीप्रमाणे नराच्या घराला एक पिल्लू मिळेल.

"एक?" मी म्हणालो. "दोन."

"भाऊसाहेब, आम्हाला एकच पुरे," अंतुरकर म्हणाले.

मी त्यांना हातानंच गप्प केलं. हे माझं मैदान होतं. आठवडाभरात पहिल्यांदा मला काय करायचं ते माहीत होतं. तपासलेला माल, सिद्ध झालेले ठिपके, घरी येऊन पोहे. अर्धा तास मी शेळक्यांना सोडलं नाही. दुसऱ्यांदा कढी वाढून झाली तेव्हा ते दोनवर आले. मी मांडीवर थाप मारली. व्याह्यांच्या डोळ्यांदेखत, व्याह्यांसाठी, मी जिंकलो होतो.

पिल्लं घरी यायची वेळ झाली तोवर बॅरिस्टरचा रस्ता बुजून गेला होता. विहीणबाईंनी एक पिल्लू मांडीवर घेतलं आणि मग ते खाली ठेवलंच नाही. राहिलं दुसरं.

"याचं काय करायचं?" मी विचारलं.

अंतुरकरांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमची जागा थोडीच आहे," ते म्हणाले. "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

ते आता आमच्याकडं असतं. रबरी मोजा मी न्हाणीघरातून परत आणला, उकळला, आणि रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी तासभर त्याच्या पाठीवर फिरवतो. रफीकचा दर मला आता स्वस्त वाटतो, पण हे त्याला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात मामा पाचोडहून आला. मी सुमनला सांगून दोन लिटर दूध आटवून घेतलं, आणि लग्नाच्या सहा वर्षांनंतर मामाच्या पुढं बासुंदीची वाटी ठेवली. मामानं वाटी तोंडाजवळ नेली, थांबला, बोटानं काही तरी उचललं आणि उजेडात धरलं. नखाएवढं, पांढरं, सुईसारखं ताठ.

"हे काय रं?"

"आखूड आहे, मामा," मी म्हणालो. "काही करावं लागत नाही."